'सोशल डिझायरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

सावनी_प
एमएच्या प्रोजेक्टसाठी मार्लो-क्राउन स्केलचं मराठी करतेय. १९६० ची अमेरिकन प्रश्नावली, ३३ विधानं, पुढे फक्त बरोबर की चूक. 'मला कधीच कोणाचा मनापासून तिटकारा आलेला नाही' अशा धाटणीची. असं कोणाचं नसतंच, त्यामुळे जो अशा सगळ्यांना बरोबर म्हणत जातो तो चांगलं दिसेल तेच सांगतोय असं धरतात. यालाच सोशल डिझायरेबिलिटी म्हणतात. सरांनी 'सामाजिक इष्टता' सुचवलंय, पण त्यातून मला काहीच बोध होत नाही.

जुनी_वही
लोकेषणा! तयार शब्द आहे, उपनिषदापासून चालत आलेला. आणि इष्टता काय नि एषणा काय, धातू एकच, इष्.

माणदेशी
उपनिषदातला 'लोक' म्हणजे स्वर्ग वगैरे लोक, शेजारपाजारचे नव्हेत. आणि आज लोकेषणा म्हटलं की प्रसिद्धीची हाव वाटते. इथला माणूस फक्त वाईट दिसायला भितोय. आमची आजी पाहुण्यांसमोर दुसरी भाकरी घ्यायची नाही, पोट भरलं म्हणायची आणि मागनं चुलीपाशी बसून खायची. तिला कसली लोकेषणा? ती भीड.

जुनी_वही
शास्त्रात परिभाषा लागते हो, भीड आणि भाकरी घालून प्रबंध होत नाही.

रेवा७
लोकांना कळेल तो शब्द प्रबंधात का नको? उत्तरं देणारा खोटं बोलतोय का ते पकडणारी विधानं असतात ना, त्या लाय स्केलला आमच्या कॉलेजात 'असत्य मापनी' म्हणायचे, तेही मला पटलं नव्हतं. क्राउन आणि मार्लोनीच १९६४ च्या पुस्तकात याला मान्यतेची गरज म्हटलंय. पुढे पॉलहस या मानसशास्त्रज्ञांनी तर दोन भाग केले, एक लोकांपुढे मुद्दाम चांगलं दिसणं आणि दुसरं स्वतःचाच तसा खरोखर समज असणं. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला खोटारडा कसं म्हणणार?

माणदेशी
सावनीताई, नावापेक्षा 'नाही'चं बघा. सर्व्हेला मी एका मावशींना वाचून दाखवलं, 'मी कधीच खोटं बोललेली नाही'. त्या म्हणाल्या, "नाही." मी चूकवर टिक केली. पुढच्या प्रश्नाला जाणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नाही बाबा, जन्मात नाही बोलले." म्हणजे उत्तर बरोबर! टिक खोडली, पण आधीच्या चार घरांत काय झालं असेल कोण जाणे.

सावनी_प
अरे देवा, माझ्या पायलटमधे, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीत, पण वाचूनच दाखवलंय!! मग 'पटतं / पटत नाही' ठेवू का?

जुनी_वही
'पटतं' नको, ते मताला म्हणतात. 'लागू पडतं' करा.

रेवा७
'लागू पडतं' औषधाला म्हणतात आमच्याकडे.