पहिला पाळीव साप येतोय : हीट मॅटबद्दल मदत हवी आहे

पुढच्या शनिवारी कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणतोय. अडीच महिन्यांचं आहे, बंदिस्त पैदाशीतलं. गोठवून वितळवलेली उंदराची पिल्लं सलग पाच वेळा खाल्ल्याची नोंद देणाऱ्याने दाखवली. ही जात पाळायला कायद्याची आडकाठी नाही ना, ते आधीच तपासलंय. वर्षभर वाचन केलं, तरी आता पोटात गोळा आलाय.

९० सेंमी लांबीची काचेची पेटी, वर जाळीचं झाकण. एका टोकाला तळाखाली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई. गरम आणि गार अशा दोन्ही बाजूंना लपायला एकेक बीळ, पाण्याचं भांडं आणि खाली अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा.

चार दिवस रिकामी पेटी चालवून बघतोय. काचेला आतून चिकटवलेला गोल तापमापक २७ अंश दाखवतो, पण भुसा बाजूला करून तळाला हात लावला तर चटका बसतो. यातलं खरं काय मानू? थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) घेतलेला नाही, कारण मॅटच्या खोक्यावर 'जास्त तापत नाही' असं छापलंय. तो लागतोच का?

शिवाय एवढ्या मोठ्या पेटीत पिल्लू बुजतं आणि खाणं सोडतं असं ऐकलं. आणि उंदीर फ्रीजरमध्ये ठेवायला आईचा कडाडून विरोध आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
हात खरं सांगतोय. तो तापमापक काचेवर जिथे चिकटलाय तिथलंच सांगतो, आणि तुमचं पिल्लू भुशात घुसून थेट तळाच्या काचेवर पसरणार. साप पोटाखालून भाजत असला तरी वेळेत बाजूला होईलच असं नाही. पोटावरचे असे चट्टे मी पाहिलेत. थर्मोस्टॅट हवाच, खोक्यावर काहीही छापलेलं असो. त्याचा प्रोब (तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) मॅटच्या बरोबर वर, तळाच्या काचेवर पक्का बसवा. शिवाय प्रोबवाला वेगळा डिजिटल तापमापक घ्या, म्हणजे एकाने चूक केली तर दुसरा चुगली करेल. गरम बाजूला तळाशी २९-३० अंश, गार बाजूला २२-२४. मॅट साधारण एक तृतीयांश तळाखालीच असावी, नाहीतर सापाला गारव्याला जायला जागाच उरत नाही.

थर्मोस्टॅट लावून तीन-चार दिवस आकडे स्थिर दिसेपर्यंत पिल्लू आणू नका.

प्रतिसाद २
पेटी मोठी असण्याचं काही नाही, मोकळी असण्याचं आहे. वाळकी पानं, सालीचे तुकडे, पुठ्ठ्याच्या नळ्या टाकून भरून काढा. बीळ एवढंच असावं की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. ऐसपैस बिळात त्यांना सुरक्षित वाटत नाही. जाळीच्या झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा लावा. जिथून डोकं जातं तिथून सगळा साप जातो, आणि हे पिल्लू पेन्सिलीएवढं असणार.

पहिला आठवडा हात लावायचा नाही, खायलाही घालायचं नाही. मी माझ्या पहिल्या सापाला दुसऱ्याच दिवशी खाऊ घातलं आणि संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला उचललं. त्याने सगळं ओकून टाकलं. मग दोन आठवडे उपाशी ठेवावं लागलं त्याला, आणि मला झोप नाही. खाल्ल्यावर किमान ४८ तास हात लावू नका.

प्रतिसाद ३
आईंचं बरोबर आहे हो! घट्ट झाकणाचा वेगळा डबा, वेगळा चिमटा, आणि साप किंवा उंदीर हाताळल्यावर साबणाने हात, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. मायक्रोवेव्ह अजिबात नको. पिशवीत घालून फ्रीजमध्ये वितळवा, मग गरम पाण्यात बुडवून कोमट करा. सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा उंदीर पुरे.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. प्रोब लावल्यावर कळलं, तळ ४४ अंशांवर होता! आता थर्मोस्टॅटवर तीन दिवस ३० ला टिकून आहे. पिल्लू एक आठवडा उशिरा आणतोय, देणारा तयार झाला. आईने जुना डबा दिलाय, परत न घेण्याच्या बोलीवर.

एक शेवटची शंका : आणल्यावर चार दिवस दिसलंच नाही तर बीळ उचलून बघू का?

प्रतिसाद २
नाही. पाणी बदला आणि मागे फिरा.