शब्दचर्चा: संथ, रटाळ, विलंबित की ठाय? (रिख्टरचा शुबर्ट ऐकून झालेला वाद)

रत्नागिरी (धागा काढणारा)

मंडळी, एका शब्दावरून आमच्याकडे वाद झालाय, मिटत नाहीये, म्हणून इथे टाकतोय. आमची एक बैठक असते, नाव-बिव काही नाही, कोणाच्या तरी पडवीत जमायचं आणि काहीतरी ऐकायचं, एरवी नाट्यगीतं नाहीतर ख्याल, पण ह्यावेळी कीबोर्ड शिकणाऱ्या पुतणीने हट्टाने पियानो लावला. शुबर्ट ह्या ऑस्ट्रियन संगीतकाराचा शेवटचा सोनाटा (एकट्या पियानोची अनेक भागांची मोठी रचना), बी फ्लॅट मेजर ह्या स्वरातला, त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक डी ९६०. सप्टेंबर १८२८ मध्ये लिहून पूर्ण केला आणि नोव्हेंबरात माणूस गेला, वय ३१. वाजवणारा सोव्हिएत पियानिस्ट स्वियातोस्लाव रिख्टर, १९७२ चं रेकॉर्डिंग. आता गंमत अशी की ह्याचा नुसता पहिला भाग जवळजवळ पंचवीस मिनिटं चालतो, बाकीचे पियानिस्ट तोच भाग पुनरावृत्तीसकट वीसेक मिनिटांत संपवतात.

भाग संपला आणि एकजण म्हणाला "संथ आहे जरा", दुसरा सरळ "रटाळ", काकू म्हणाल्या "नुसता रेंगाळलाय मेला", आणि तबला शिकवणारे आमचे सर इतका वेळ डोळे मिटून बसलेले ते एकदम म्हणाले, "संथ नाही, ठाय आहे, फरक आहे." फरक काय ते मात्र त्यांना नीट सांगता येईना, हातानेच दाखवत होते. तर तुम्हीच सांगा, नक्की फरक काय?

दापोली

संथ म्हटलं की आधी पाणी आठवतं, मग माणूस, मग सरकारी कारभार. त्यात शिवी नाही पण कौतुकही नाही. रटाळचा वेगाशी काडीचा संबंध नाही, रटाळ भाषण फास्टसुद्धा असतं, आमच्याकडे दर १५ ऑगस्टला ऐकतो. रटाळ म्हणजे तेच तेच. शुबर्टला तो शब्द लावायचा असेल तर निदान समजून लावा, कारण तो खरंच तेच तेच परत आणतो, फक्त सूर बदलून.

काकूंचा शब्द मला सगळ्यात आवडला. रेंगाळायला आधी कुठेतरी जायचं असावं लागतं, पोरगं शाळेतून येताना रेंगाळतं, पाहुणा जेवण झाल्यावर रेंगाळतो. म्हणजे काकूंची तक्रार वेगाबद्दल नाहीच, ह्या माणसाने निघायला हवं होतं आणि हा निघत नाही अशी आहे. ऐकणारी बाई आहे ती.

कुडाळ

विलंबित राहिलंच की, आपल्या गाण्यातली हळू लय! विलंब आणि विलंबित हे सख्खे भाऊ, पण नशीब बघा. कणकवली स्टेशनवर "गाडी विलंबाने धावत आहे" ऐकलं की तोंडातून काय काय निघतं, आणि "विलंबित एकताल" म्हटलं की तोच माणूस मांडी घालून सावरून बसतो.

आमच्या भजनी बुवांना मी हे फोनवरून स्पीकर लावून ऐकवलं, डबलबारी (दोन बुवांची भजनाची जुगलबंदी) गाजवलेला माणूस, पेटीवर हात चांगला. पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "गजर कधी येतलो?" मी म्हटलं बुवा ह्यात गजर नाही. तर म्हणतात "मग हो माणूस वाजयता काय झोपता?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भजनाची घडण अशी की सावकाश सुरू झालेलं शेवटी चढतंच, तो करार असतो ऐकणाऱ्याशी.

रत्नागिरी

सरांना परत गाठलं. त्यांचं म्हणणं लिहितो, शब्द थोडे माझे. संथ म्हटलं की फक्त वेग कमी एवढंच कळतं, लय सुटली असली तरी ते संथच. ठाय म्हणजे वेग कमी आणि तरी प्रत्येक मात्रा जागच्या जागी, ऐकणाऱ्याला मांडीवर बोटं ठेवून मोजता आली पाहिजे. त्यांनी मोजून दाखवली. चार मात्रांचा हिशोब आहे, डावा-उजवा हात मधल्या आवाजात सतत हलत असतो, आणि रिख्टर इतका हळू जाऊनही ती हालचाल कुठे लुळी पडत नाही.

आणि मग त्यांनी एक जागा परत लावायला लावली. आठव्या मापात (माप म्हणजे चार मात्रांचा एक गट), सुरुवातीची ती शांत धून जरा थांबते तिथे, डाव्या हाताला अगदी खालच्या जी फ्लॅटवर एक ट्रिल आहे, म्हणजे दोन शेजारचे सूर भराभर आलटून-पालटून, पण इतक्या हलक्या हाताने की सूर कमी आणि घरघर जास्त. मग शांतता. मग जणू काही झालंच नाही अशी धून पुढे. त्या शांततेत सरांची बोटं मांडीवर चालूच होती आणि धून परत आली ती बरोबर बोटावर. आतल्या खोलीतून आजीने विचारलं, "पाऊस इलो काय रे?" जानेवारीत.

देवगड

मी मोबाईलवर ऐकलं, मला ती ट्रिल ऐकूच आली नाही, नुसती धून आणि मध्ये एक रिकामी जागा, मला वाटलं नेट अडकलं.

रत्नागिरी

फोनच्या स्पीकरवर एवढं खालचं येतच नाही हो. हेडफोन लावा नाहीतर चांगला स्पीकर. बुवांनाही फोनवरच ऐकवलंत ना कुडाळकर, मग अर्धं जेवण वाढून चव विचारल्यासारखं झालं ते.

वेंगुर्ला

मी विरुद्ध बाजूने बोलतो. शुबर्टने ह्या भागाच्या वर लयीची सूचना काय लिहिलीये? मोल्तो मोडेराटो, इटालियन शब्द. मोडेराटो म्हणजे मध्यम, मोल्तो म्हणजे खूप. खूप मध्यम! आता ह्याचं मराठी करा बघू. पण काहीही केलं तरी त्यात विलंबित कुठे आहे? मध्यलयीची चीज कोणी अतिविलंबितात गायला लागला तर आपण दाद देऊ का? तुमचे सर ठाय म्हणतात ते ठीक, पण ती ठाय रिख्टरची, शुबर्टची नाही.

दुसरं, आपल्या कानाला सवय कसली आहे तेही बघा. ग्वाल्हेर घराण्याचा बडा ख्याल तसा चालता असतो, फार हळू जात नाही, आणि आपल्या इकडच्या जुन्या शिक्षकांत ग्वाल्हेरचं वजन मोठं. ज्यांनी ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा झुमरा ताल मुरवलाय, चौदा मात्रा आणि एकेक मात्रा एवढी लांब, ते रिख्टर ऐकून दचकणार नाहीत. म्हणजे शब्द कुठला वापरायचा हे वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर ठरतंय.

दापोली

वेंगुर्लेकरांचा मुद्दा बिनतोड आहे, पण एक साक्षीदार आणतो. ग्लेन गुल्ड, कॅनडाचा पियानिस्ट, शुबर्टच्या त्या पुनःपुन्हा येण्याचा त्याला कंटाळा, उघड सांगायचा. १९५७ मध्ये तो मॉस्कोत गेला असताना तिथे रिख्टरने हाच सोनाटा वाजवला, आणि गुल्डने नंतर सांगितलंय की इतकी हळू लय त्याने कधी ऐकली नव्हती आणि तरी पूर्ण वेळ तो भारल्यासारखा बसून राहिला. म्हणजे ज्याचा शब्द आधी रटाळ असायचा तोच माणूस खिळला. आता त्याला मराठी येत असतं तर तो काय म्हणाला असता हा खरा प्रश्न. संथ तर नक्की नाही.

मालवण

आमच्याकडे भांग हा शब्द आहे, पिण्याची नव्हे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरती-ओहोटीत फरक थोडा, किनाऱ्यावरून बघणाऱ्याला पाणी जागच्या जागी वाटतं पण होडी सोडली की कळतं ओढ आहे ती. रिख्टर भांगाचं पाणी आहे. वडलांना ऐकवलं, सगळा जन्म रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, गेलेला माणूस, ती ट्रिलनंतरची शांतता आली तेव्हा म्हणाले, "थांबलो, पण सोडल्यान नाय." मला तुमच्या ठायचा अर्थ तिथे कळला.

राजापूर

वेगाचं पुरे झालं, वाजवणारा रचनेचा जो अर्थ लावतो त्याच्या मोठ्या इंग्रजी शब्दाचं काय, इंटरप्रिटेशन? पेपरवाले "आविष्कार" लिहितात, प्रत्येक गोष्टीचा आविष्कारच, वीट आलाय. "अन्वयार्थ" कोर्टात शोभतो. मी म्हणेन निरूपण. कीर्तनात अभंग तोच असतो, बुवा तो कसा उलगडतात ते निरूपण.

वेंगुर्ला

निरूपणात बुवा स्वतःच्या पदरचं घालतात, दृष्टांत, गोष्टी, मध्येच राजकारण. रिख्टर उलट सांगायचा की आपण फक्त लिहिलेलं तंतोतंत वाजवतो. उतारवयात तर सभागृहात अंधार करून, फक्त कागदावर एक दिवा ठेवून, समोर नोटेशन बघून वाजवायचा, लोकांनी आपल्याकडे बघू नये म्हणून. ह्याला निरूपण नाही, वाचन म्हणतात. श्रावणात पोथी वाचतात तसं.

राजापूर

मग वाचन तर वाचन, पण पोथी वाचणारेही दोन असतात, एक अध्याय संपवायला वाचतो. आणि बघा, तंतोतंत म्हणणारा हाच माणूस मोडेराटोचं विलंबित करतो, ह्याचं काय?

वेंगुर्ला

तेच तर मी म्हणत होतो!!

दापोली

पुनरावृत्तीचंही बोला कोणीतरी. पहिल्या भागाचा पूर्वार्ध शुबर्टने दोनदा वाजवायला सांगितलाय, रिख्टर तो दोनदा वाजवतो म्हणूनही ती पंचवीस मिनिटं. पियानिस्ट आल्फ्रेड ब्रेंडल ती पुनरावृत्ती गाळायचा, त्याचा भाग पंधरा मिनिटांच्या आसपास संपतो. पण परत फिरताना मध्ये काही मापं अशी आहेत जी दुसरीकडे कुठेच येत नाहीत, तीच खालची ट्रिल तिथे एकदम दणक्यात येते, गाळलं की ती जातात. ब्रेंडलला ती मापं पटत नव्हती, आंद्राश शिफ हा दुसरा पियानिस्ट ती वाजवतो आणि गाळणाऱ्यांवर चिडतो.

रत्नागिरी

हे माहीत नव्हतं, पुतणीला विचारलं तर तिला होतं, सांगितलं नाही. आता पुढच्या बैठकीला आधी ब्रेंडल आणि मग शिफ लावायचं ठरलंय. सरांचं म्हणणं, पुनरावृत्ती गाळणं म्हणजे अस्थायी एकदाच म्हणून अंतऱ्यात उडी मारणं. काकूंनी ब्रेंडलची मिनिटं विचारली आणि लगेच येते म्हणाल्या.

आणि "खूप मध्यम"चं मराठी अजून कोणी दिलेलं नाहीये. मी "बेताबेताने" सुचवतो, घ्या फाडायला.

कुडाळ

बेताबेताने म्हटलं की जेवण आठवतं. "अगदी मधोमध" कसं वाटतं?

मालवण

मधोमध म्हणजे जागा झाली, चाल नाही. बेताबेतानेच ठेवा.