विषय: स्टायव्हेसंट हायस्कूलविषयी माहिती हवी आहे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आम्ही गेल्या डिसेंबरात पुण्याहून येथे आलो असून सध्या न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहतो. मुलगा सातवीत आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला स्टायव्हेसंट हायस्कूलचे नाव अनेकींच्या तोंडी ऐकले. शाळा सरकारी असूनही तिचा एवढा लौकिक कसा, प्रवेश कसा मिळतो, फी किती आणि अभ्यासाव्यतिरिक्त तेथे मुलांना काय करता येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी या शाळेत चार वर्षे शिकली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी घराविषयी सांगतो, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. ही न्यूयॉर्क शहराची शाळा असल्यामुळे विद्यार्थी शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे शहराच्या मुख्य विभागांपैकी, एका बरोत राहणारा असावा लागतो. न्यू जर्सीच्या पत्त्यावर प्रवेश मिळत नाही. फी मात्र अजिबात नाही.

शाळा 1904 साली सुरू झाली, तीही मुलग्यांना हातकाम शिकवणारी शाळा म्हणून. लाकूडकाम, धातुकाम आणि यंत्रांची ओळख यांच्या जोडीला गणित व विज्ञान शिकवले जाई. पुढे विज्ञानाकडचा ओढा वाढला, गर्दी झाली आणि 1934 पासून प्रवेशपरीक्षा घेतली जाऊ लागली. हातकामाचा तो वारसा पुढेही टिकला होता. माझ्या मुलीला नववीत टेक्निकल ड्रॉइंग सक्तीचे होते, आणि आपल्याकडच्या टेक्निकल हायस्कुलात शिकलेला मी तिच्या टी-स्क्वेअरकडे पाहून किती हरखलो होतो, हे आजही आठवते.

मुलींना मात्र 1969 पर्यंत दार बंद होते. एका विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतली तेव्हा ते उघडले, आणि पहिल्या वर्षी हजारो मुलग्यांत अगदी मोजक्याच मुली दाखल झाल्या. मुलीचा बाप म्हणून मला या शाळेच्या इतिहासातले हे पान सर्वांत मोलाचे वाटते.

सध्याची दहा मजली इमारत 1992 मधली, चेंबर्स स्ट्रीटच्या टोकाला, हडसन नदीच्या काठी आहे. आत सरकते जिने आहेत, पोहण्याचा तलाव आहे. भिंतींमध्ये ठिकठिकाणी काचेचे चारशे पोकळ ठोकळे बसवले आहेत: एकात चीनच्या भिंतीचा तुकडा, एकात नाईलचे पाणी, एकात गंगेचे. काही ठोकळे मुद्दाम रिकामे ठेवले असून 2080 पर्यंत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीने आपली एखादी आठवण त्यात ठेवायची आहे. पालकसभेला गेलो असता मी गंगाजलाच्या त्या ठोकळ्यापुढे बराच वेळ उभा राहिलो होतो.

11 सप्टेंबर 2001 रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले, तेव्हा शाळा तेथून जेमतेम चार चौकांवर होती. मुलांना नदीकाठच्या रस्त्याने उत्तरेकडे चालत नेण्यात आले. नंतर इमारत बचावपथकांनी वापरली आणि मुले ब्रुकलिन टेक या शाळेत दुपारच्या पाळीत शिकली. 9 ऑक्टोबरला ती परत आली.

अभ्यास कडक आहे. येथे शिकलेल्यांपैकी जोशुआ लेडरबर्ग, रोआल्ड हॉफमन, रॉबर्ट फोगेल आणि रिचर्ड अ‍ॅक्सल या चौघांना नोबेल मिळाले. पण माझ्या मुलीला खरे घडवले ते शाळा सुटल्यानंतरच्या तासांनी. गणिताचा संघ, वादविवाद, 1915 पासून विद्यार्थीच चालवत आलेले ‘स्पेक्टेटर’ हे वृत्तपत्र, असे पुष्कळ काही आहे. तरी सर्वांत रंगते ते ‘सिंग’. बारावीचा एक गट, अकरावीचा एक, आणि नववी-दहावीचा मिळून तिसरा, असे तीन गट स्वतः लिहिलेली संगीतिका सादर करून एकमेकांशी स्पर्धा करतात. संहिता, वाद्यवृंद, नाच, नेपथ्य, प्रकाशयोजना, सगळे मुलांचेच. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते वातावरण लगेच ओळखीचे वाटेल. माझी मुलगी पडदे रंगवायची. फेब्रुवारीभर तिच्या कोपरांवरचा निळा रंग काही निघाला नाही.

---

सप्रेम नमस्कार.

काकांनी सुरेख लिहिले आहे, परंतु प्रवेशाविषयी थोडी भर घालणे मला आवश्यक वाटते. प्रवेश केवळ एका लेखी परीक्षेवर मिळतो. शाळेतले गुण, मुलाखत, शिफारस यांतले काहीही पाहिले जात नाही, आणि या पद्धतीला 1971 च्या राज्य कायद्याचा आधार आहे. आठवीच्या शरदात साधारण 25,000 मुले ही परीक्षा देतात. आपल्या अनेक घरांत त्यासाठी पाचवी-सहावीपासून क्लास लावले जातात; ज्यांना ते परवडत नाहीत किंवा या परीक्षेची माहितीच वेळेवर मिळत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न आपणही मनावर घ्यायला हवा. 2019 साली या शाळेत ज्या 895 जणांना प्रवेश देऊ केला गेला, त्यांत कृष्णवर्णीय मुले केवळ सात होती. परीक्षा रद्द करण्याचा प्रस्ताव त्याआधी एका महापौरांनी मांडला होता, तो मंजूर झाला नाही. त्या वेळी झालेल्या चर्चेत दोन्ही बाजूंचे पालक तळमळीने बोलत होते. माझे स्वतःचे मत असे की परीक्षा राहावी, पण तिची मोफत तयारी शहरातल्या प्रत्येक शाळेत व्हावी.

---

ताई, आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते. आमच्या मुलीने ग्रंथालयातली सरावाची पुस्तके सोडवूनच परीक्षा दिली होती, हेही येथे नोंदवतो.

---

काका, ताई, मनःपूर्वक आभार.

मे महिन्यात घराचा करार संपतो. तेव्हा त्या पाच बरोंपैकी क्वीन्समध्ये घर पाहायचे आम्ही ठरवले आहे. मुलाला आपली दोन्ही पत्रे वाचून दाखवली. परीक्षेबद्दल त्याने काहीच विचारले नाही. तो पुण्यात शाळेच्या नाटकाला प्रकाशयोजना करायचा, त्यामुळे ‘सिंग’मध्ये नववीच्या मुलांना दिवे हाताळू देतात का, एवढेच त्याला हवे आहे.

---

ताई, देतात. नववी-दहावीचा गट स्वतंत्र असल्याने दिव्यांची जबाबदारीही त्यांच्यातल्याच कुणाला तरी घ्यावी लागते. शाळा पाहायला याल तेव्हा वेस्ट स्ट्रीटवरच्या पादचारी पुलावरून या. तो थेट दुसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी जातो.