स्कॉलरशिपवाल्यांना वर्गात वेगळं काढतात, तक्रार कुठे करायची?

प्रश्न (नागपूर, बीकॉम): आमच्या कॉलेजात क्लर्क महाडीबीटीवाल्या (सरकारी पोर्टलवरून स्कॉलरशिप घेणाऱ्या) पोरांची यादी जातीसकट वर्गात मोठ्याने वाचतो, मागून खी-खी सुरू, आता माझी बहीण म्हणते फॉर्मच भरत नाही, काय करू?

उत्तर: काऊन ऐकून घेऊन राहिले बे? यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष अन् भेदभावविरोधी अधिकारी पाहिजे. लेखी अर्ज दे, दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर अन् शिक्का घे, तोंडी सांगितलेलं हवेत जाते.

उत्तर: बहिणीला फॉर्म भरू दे आधी, तारीख गेली की कोणी विचारत नाही.

प्रश्नकर्ता: अधिकारी कोण विचारलं तर ऑफिसवाले एकमेकांकडेच पाहून राहिले 😄

उत्तर: मग प्राचार्यांच्या नावाने टाक. अन् ते नाव विचारल्याचंही त्यातच लिही.