गवळणीला ड्रम लावला तर ती गवळण राहते का?

सक्करदऱ्याची गायिका:
मी नागपूरची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाते. गळा मात्र आजीच्या भजनी मंडळात घडला. आता ग्रुपवाले म्हणून राहिले, गवळणीला ड्रम अन् सिंथ लावू, पोरं नाचतील. आजी म्हणते, मग ती गवळण राहत नाही. दोन रात्रींपासून कॅनडाची गायिका शनाया ट्वेन ऐकून राहिली आहे. ती कंट्रीतून, म्हणजे अमेरिकेकडच्या गावाकडल्या संगीतातून, पॉपमध्ये गेली, तर तिनं काय सोडलं अन् काय ठेवलं? पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग आहे. कोणी मन लावून ऐकलं असेल तर सांगा.

पेटीवाला:
ताई, सीताबर्डीवर घेतलेला 'अप!' माझ्याकडे अजून आहे. शनायाचा २००२ चा अल्बम. तीच १९ गाणी तिनं तीन रंगांत काढली: हिरवी सीडी कंट्रीची, लाल पॉपची, निळी भारतीय ढंगाची. माझ्या संचात लाल अन् निळी होती, हिरवी मी नंतर मिळवली. एकच गाणं तिन्हींत लागोपाठ ऐका. हिरवीत फिडल अन् बँजो, लालमध्ये इलेक्ट्रिक गिटार अन् सिंथ, निळीत आपली तालवाद्यं. कपडे बदलतात, चाल अन् शब्द तेच.

आधीचा 'कम ऑन ओव्हर' १९९७ चा. जगभर चार कोटींच्या आसपास खपला. त्याची निर्मिती तिच्या तेव्हाच्या नवऱ्याची, मट लँगची. तो एसी/डीसी, डेफ लेपर्डसारख्या रॉक बँडचा निर्माता, म्हणून ड्रम तसा दणकट. पण गाणी दोघांनी मिळून लिहिलेली, अन् त्यात बोलते ती तीच, छोट्या गावातली, ठसक्यात उत्तर देणारी बाई.

तुमच्या गवळणीत ड्रम येऊ द्या, टाळ मात्र काढू देऊ नका. मशीनचा ठोका सरळ चालते, भजनी ठेका झुलते. ते झुलणं गेलं की आजीचं खरं होईल.

धंतोलीची काकू:
बेटा, वाद्यांचं दादांनी सांगितलं. मी गळ्याचं सांगते. शनाया ही पोर टिमिन्स नावाच्या कॅनडातल्या खाणीच्या गावात गरिबीत वाढली, आठव्या वर्षापासून बारमध्ये गात होती. १९८७ मध्ये आईवडील अपघातात गेले, तेव्हा ती बावीसची. धाकट्या भावंडांसाठी हंट्सव्हिलच्या एका रिसॉर्टमध्ये रोज गायली. पुढं मोठी झाल्यावर लोक म्हणायचे, ही स्टुडिओतच गाऊ शकते. १९९८ मध्ये दौऱ्यावर निघाली अन् स्टेजवर गाऊन दाखवलं.

मग गोचीड चावून लाइम रोग झाला, स्वरयंत्राच्या नसा दुखावल्या, आवाज जवळजवळ गेला. 'अप!'नंतरचा नवा अल्बम थेट २०१७ ला आला. गळ्यावर शस्त्रक्रियाही झाली. आता जाड, खरखरीत आवाजात गाते, अन् मला तो फार आवडते. तू लग्नसराईत धुरात, डीजेच्या वर ओरडून गात असशील. रेकॉर्डिंगच्या आधीचे आठ दिवस सुपाऱ्या घेऊ नको.

सक्करदऱ्याची गायिका:
काकू, त्या आठवड्यात दोन लग्नं आहेत. एक सोडते, दुसरं चुलत बहिणीचं आहे.
दादा, काल तुमचं ऐकून ग्रुपवाल्यांसमोर आधी नुसत्या टाळावर गायली, मग ड्रमवर. टाळ काढल्यावर तिसऱ्या कडव्यात माझाच श्वास चुकला. आजीला दोन्ही ऐकवलं. ड्रमचं ऐकताना ती गप्प होती, पण ध्रुपद आलं तशी टाळी धरली. टाळ मायकाच्या किती जवळ ठेवायचे, तेवढं सांगा.