लक्ष ‘देत नाही’ की ‘लागत नाही’?

मांडवीकर: एडीएचडीवर पालकांसाठी मराठी पत्रक करतोय. ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार’ असं लिहिलं. एक आई वाचून म्हणाली, “न्यूनता कसली? उत्तरायणात पतंगांना किन्ना बांधायला बसला की तासभर मान वर करत नाही.” काय लिहू?

रावपुऱ्याची ताई: बरोबर बोलल्या त्या. लक्ष असतं, पण ते हवं तिथे वळवणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणं जड जातं. मेंदूतला कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि आत खोलवरचा स्ट्रायटम यांच्यातला व्यवहार डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालतो. मेथिलफेनिडेट हे औषध ही दोन्ही लगेच परत शोषली जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या 2007 च्या एका अभ्यासात कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, निम्म्या भागाची जाडी कमाल पातळीला पोचायला या मुलांना 10.5 वर्षं लागली, इतरांना 7.5. म्हणून ‘लक्ष देत नाही’ म्हणूच नका. देणं आपल्या हातात असतं. भूक लागते, झोप लागते, तसं लक्ष लागतं किंवा लागत नाही.

निवृत्त गुरुजी: पत्रकात ‘अवधान’च हवं. माउली नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे ते मागतात. आणि सयाजीरावांनी 1931 साली राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत छापवले, त्या बडोद्यात आपण इंग्रजी आद्याक्षरांवर भागवायचं?

मांडवीकर: पण गुरुजी, ‘अवधान एकलें दीजे’. तिथेही देणंच आलं.

निवृत्त गुरुजी: ते मोठ्यांना उद्देशून आहे. पोरांची गोष्ट वेगळी.

फतेगंजवाला: आमची आजी सरळ ‘चळवळ्या’ म्हणायची. ‘अतिचंचल’ ऐकलं की मला लक्ष्मीच आठवते.

निवृत्त गुरुजी: आता चळवळ्या म्हणजे मोर्चात जाणारा.

फतेगंजवाला: मग ‘तोफानी’? इथे मराठी घरांतही तेच म्हणतात.

निवृत्त गुरुजी: ते गुजराती झालं.

मांडवीकर: तुफान मराठीतही आहेच की. अरबी-फारसीतून दोन्हीकडे आलं.

रावपुऱ्याची ताई: ‘तोफानी’त पोर मुद्दाम करतं असा आरोप येतो. शिवाय वर्गात गप्प बसून हरवलेल्या मुली त्यात कुठे बसतात? 1980 च्या मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात चंचलता नसलेला प्रकार वेगळा नोंदला होता. त्या मुलींना कुणी तपासायलाच नेत नाही.

फतेगंजवाला: आरोप नाही हो ताई, आमच्याकडे लाडानेच म्हणतात. गुजरातीत पण तसंच. गुरुजी, ‘मस्तीखोर’ला तरी तुमची हरकत नाही ना?

निवृत्त गुरुजी: ‘मस्ती’ फारसी. ‘खोर’ही फारसी.