थायलंडची बेटं, एकटी, १६ दिवस : ठाण्याहून निघण्याआधी काय काय पक्कं करू?

वसंतविहार_ठाणे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत एकटी थायलंडला जायचं ठरलंय. मुंबई ते बँकॉक विमान, तिथून रात्रीच्या रेल्वेने सुरत थानी, पुढे बोटीने कोह सामुई, कोह फांगान आणि कोह ताओ. मुक्काम होस्टेलमध्ये, बजेट बेताचं. वय २७, परदेशात पहिल्यांदाच. आईचा नकार नाही, पण तिच्या प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तरं नाहीत. नुसतं "काळजी घे" नको, नेमकं सांगा.

विमान रात्री साडेअकराला उतरतं, तर पहिली रात्र कशी काढावी? डॉर्म बरी की स्वतंत्र खोली? स्कूटी भाड्याने घ्यावी का? फुल मून पार्टीला, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री फांगानच्या हाड रिन किनाऱ्यावर होते तिला, एकटीने जावं का? आणि घरच्यांशी संपर्क नेमका कसा ठेवायचा?

कोपरी_पूर्व

पहिल्या रात्रीपासून सुरू करते, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. माणूस दमलेला, फोनला नेट नाही, हातात नवं चलन. म्हणून त्या रात्रीचे सगळे निर्णय ठाण्यातच घेऊन टाका.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड (टीडीएसी) १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर भरायचं, पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, तशा नकली साइट भरपूर आहेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर बघा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, तो बंदच असतो. आपलं भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. नेटसाठी ई-सिम इथूनच घ्या.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर साडेअकराला उतरलात तर इमिग्रेशन आणि बॅग होईपर्यंत एक वाजतो. शहरात जाणारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे टॅक्सीच. आगमनाच्या दालनात "टॅक्सी, मॅडम" म्हणत येणाऱ्यांकडे लक्ष न देता पहिल्या मजल्यावर उतरा. तिथे यंत्रातून चिठ्ठी निघते, त्यावर टॅक्सीचा क्रमांक असतो. ती चिठ्ठी मुक्कामाला पोचेपर्यंत स्वतःकडेच ठेवा, तक्रारीला तोच पुरावा. भाडं मीटरप्रमाणे, वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल. मोठी बॅग डिकीत, पासपोर्ट-पैशांची मांडीवर. खरं तर पहिल्या रात्रीपुरतं विमानतळाजवळचं, चोवीस तास काउंटर असलेलं साधं हॉटेल घ्या. हजार-बाराशे रुपये जास्त गेले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी उजेडात शहरात जा.

रेल्वे : लांब पल्ल्याच्या रात्रीच्या गाड्या क्रुंग थेप अपिवत या नव्या स्टेशनावरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगवरून नाही. काही गाड्यांना फक्त बायका-मुलांसाठी वातानुकूलित शयनयान डबा असतो, तिकीट काढताना तोच निवडा. खालचा बर्थ थोडा महाग पण रुंद, आणि रात्री उतरायला सोपा. एसी कडक असतो, शाल हवीच. बसपेक्षा रेल्वे बरी, कारण रात्रीच्या पर्यटक बसमध्ये खाली सामानाच्या कप्प्यात ठेवलेल्या बॅगा उघडल्या जातात ही तक्रार फार जुनी आहे. सुरत थानीला अंधारात उतरलात तर स्टेशनातच बसा. स्टेशन शहरात नाही, फुनफिनला आहे. धक्क्याकडे जाणारी बस उजाडल्यावर पकडा.

मुक्काम : एकटीला बायकांची डॉर्म ही स्वस्त बंगलीपेक्षा सुरक्षित, असं माझं ठाम मत आहे. डॉर्ममध्ये चार जणी आपण परत आलो की नाही ते बघतात. बंगली नारळाच्या बागेत शेवटच्या टोकाला असते, दाराची खिट्टी दोन ढिल्या स्क्रूंवर लटकलेली. होस्टेल निवडताना सरासरी गुण बघू नका, बायकांनी लिहिलेले सगळ्यात वाईट अभिप्राय वाचा. "कर्मचारी न विचारता खोलीत आला", "लॉकर तुटलेला", "रात्री काउंटरवर कुणी नाही", यातलं एकही दोनदा दिसलं तर पुढे चला.

कुलूप घरून न्या. आपल्या दाराचं जाड कुलूप लॉकरच्या कोयंड्यात शिरत नाही, बारीक दांडीचं लागतं. सोबत रबराचा दार अडवायचा पाचर घ्या, जांभळी नाक्याच्या बाजारात हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. दार आत उघडणारं असेल तरच त्याचा उपयोग, बाहेर उघडणाऱ्या दाराला तो काहीच करत नाही. खोलीत गेल्यावर आधी खिट्टी ओढून दार आतून दोनदा जोरात हलवा, मग न्हाणीघराची खिडकी बघा. मागच्या बाजूच्या काचेच्या पट्ट्या बाहेरून सहज निघतात. समाधान नसेल तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागा.

एमएच०४_दुचाकी

स्कूटीचं सांगतो. बेटांवर परदेशी पाहुण्यांना सगळ्यात जास्त इजा कशाने होत असेल तर स्कूटीने. अनोळखी माणसाची भीती वाटते, स्कूटीची वाटत नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) लागतो. सारथी पोर्टलवर अर्ज, फी १,००० रुपये, मुदत १ वर्ष, आणि काम तुमच्या पत्त्याच्या आरटीओकडे, म्हणजे ठाण्याच्याच. महत्त्वाचं असं की लायसन्सवर दुचाकी असेल तरच आयडीपीवर दुचाकीच्या रकान्यात शिक्का बसतो. आज कपाटातून लायसन्स काढून बघा. फक्त चारचाकीचं असेल तर बेटावर दुकानदार स्कूटी देईल, हसून देईल, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करेल. दारू प्यायलेली असली तरी तेच. हाड मोडलं तर बिल लाखांत जातं.

आता घेतलीच तर :

पासपोर्ट गहाण ठेवायचा नाही. काही दुकानं मागतात, आणि परत देताना जुन्या ओरखड्याचे पैसे लावतात. पासपोर्ट त्यांच्याकडे अडकलेला, तुमची बोट सुटायला एक तास, मग माणूस मुकाट्याने देतो. रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारं दुकान शोधा. चावी हातात घेण्याआधी गाडीभोवती फिरून सावकाश व्हिडिओ काढा, दुकानदार त्यात दिसला पाहिजे. खालची बाजू, आरसे, दोन्ही ब्रेक लिव्हरची टोकं. ओरखडे तिथेच असतात.

सायलेन्सर उजवीकडे. उतरायचं नेहमी डावीकडून. उजव्या पोटरीवरची भाजल्याची गोल खूण बेटांवर इतकी दिसते की तिला "थाय टॅटू" असं नावच पडलंय. दमट हवेत ती जखम लवकर चिघळते आणि पोहणं बंद होतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, तेवढं सोपं. कोह फांगानवर थोंग सालाहून हाड रिनला जाणारा रस्ता मात्र तीव्र चढ-उताराचा आहे. घोडबंदर रोडची सवय तिथे कामाची नाही, तिथे खड्डे नाहीत, वळणावर उतार आणि त्यावर वाळू आहे. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं. पार्टीच्या रात्री तर तो रस्ता नकोच, सोंगथाव म्हणजे सामायिक टॅक्सी मिळते. चढण्याआधी भाडं विचारा, आणि त्यात आधीपासून बायका बसलेल्या असतील तीच धरा.

औषधवाली_नेरूळ

पार्टीचं लिहिते. जावं, पण काही गोष्टी ठरवून.

तारीख आधी तपासा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या माघी पौर्णिमेच्या सुमारास तिथे माखा बुचा हा बौद्ध सण येतो, आणि सणाशी पौर्णिमा आली की पार्टी एखाद्या दिवसाने सरकते. त्या आठवड्यात होस्टेलवाले किमान तीन ते पाच रात्री घ्यायला लावतात. मुक्काम फांगानवरच करा. सामुईहून रात्री स्पीडबोटीने येणं-जाणं टाळा, पहाटे चारला धक्क्यावर प्यायलेल्यांची गर्दी असते.

तिथे दारू "बादली"तून देतात. लहान मुलांची वाळू खेळायची बादली असते ना, तेवढी. त्यात आख्खी चपटी, कोला, एनर्जी ड्रिंक, बर्फ आणि चार-पाच स्ट्रॉ. गोडामुळे दारू किती ते कळत नाही, एनर्जी ड्रिंकमुळे चढल्याचं कळत नाही. बादली हातात घेऊन नाचलं की तिच्यावर लक्ष राहत नाही. त्यापेक्षा सीलबंद बिअरची बाटली किंवा कॅन, आपल्यासमोर उघडलेली, अंगठा तोंडावर. खाली ठेवली की संपली, परत उचलायची नाही. पायात बंद बूट, वाळूत फुटक्या काचा असतात.

फुकटची किंवा घरगुती मद्याची घोट-भर प्यालीसुद्धा नको. २०२४च्या नोव्हेंबरात लाओसमधल्या वांग वियेंगला भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने सहा परदेशी पर्यटक गेले, त्यांत तरुण मुली होत्या. मिथेनॉल चवीला कळत नाही. खूण अशी : साध्या दारूचा त्रास दुसऱ्या दिवशी उतरत जातो, याचा १२ ते २४ तासांनी वाढत जातो. धूसर दिसणं, पोटात कळा, धाप. धूसर दिसलं की झोपून बघायचं नाही, थेट इस्पितळ.

दोन घोटांत पाय लटपटले, जीभ जड झाली, तर ती नुसती दारू नाही, त्यात गुंगीचं औषध असू शकतं. अशा वेळी नव्याने ओळख झालेल्या कुणाबरोबर "मोकळ्या हवेत" जायचं नाही. बारच्या काउंटरमागे, कर्मचाऱ्यांजवळ बसा आणि डॉर्ममधल्या मुलीला फोन लावा.

आणि हे कुणी बोलत नाही म्हणून मी स्पष्ट लिहिते. अत्याचार झालाच तर दोष तुमचा नाही, आणि घड्याळ महत्त्वाचं. गुंगीच्या काही औषधांचा माग लघवीत साधारण १२ तासच राहतो, त्यामुळे पहिला नमुना लवकर द्यायचा. अंघोळ करायची नाही, कपडे कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भनिरोधाची तातडीची गोळी, लेव्होनोरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, हीसुद्धा ७२ तासांत. ती एक इथूनच नेलेली बरी. फोन ११५५ ला करायचा, ते पर्यटक पोलीस, इंग्रजीत बोलतात. साधे पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९. भारतीय दूतावास बँकॉकला सुखुमवित सोई २३ मध्ये आहे.

औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएस, मलम, पट्ट्या. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डासांचं मलम सकाळीच लावा. झोपेच्या, चिंतेच्या किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या असतील तर मूळ वेष्टन आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत हवी, तिथे त्यांच्यावर नियंत्रण आहे. कुत्रा किंवा माकड चावलं की साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

वसंतविहार_ठाणे

खूप आभार, सगळं उतरवून घेतलं. लायसन्स काढून बघितलं, त्यावर फक्त एमसीडब्ल्यूओजी आणि चारचाकी आहे. मग काय? आणि आईचा प्रश्न राहिलाच.

एमएच०४_दुचाकी

एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगियरची दुचाकी. आयडीपी हातात आला की दुचाकीच्या रकान्यात शिक्का आहे का ते खिडकीवरच बघा. नंतर त्याची आणि लायसन्सची प्रत विमा कंपनीला ईमेलने पाठवून विचारा : १२५ सीसी ऑटोमॅटिक स्कूटीचा अपघात यात धरला जाईल का? लेखी "हो" आलं तरच स्कूटी. फोनवरचा "हो" दाव्याच्या वेळी सापडत नाही.

उपवन_काकू

अगं, आईसाठी एक कागद कर आणि फ्रिजवर लावून जा. त्यावर रोजचा मुक्काम, होस्टेलचा +६६ ने सुरू होणारा पूर्ण नंबर, बोटीच्या वेळा, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि त्यांचा परदेशातून लागणारा मदतक्रमांक, दूतावासाचा तातडीचा नंबर. ११५५ हा फक्त थायलंडच्या आतून लागतो. आई ठाण्यातून तो फिरवत बसली तर वेळ जाईल आणि जीव घाबरा होईल, ते आधीच सांग.

वेळ ठरवताना घड्याळ लक्षात ठेव, थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. दिवसातून दोनच निरोप ठरव, सकाळी एक, रात्री मुक्कामाला पोचल्यावर एक. जास्त ठरवलेस की पाळले जात नाहीत, आणि एक चुकला की घरी उगाच रडारड. बोटीत रेंज जाते, त्या दिवशी आधीच कळव. निरोप चुकला तर काय, हेही लिही : दोन तास थांबायचं, मग होस्टेलला फोन, तिथून "काल रात्री आलीच नाही" असं कळलं तर दूतावास. आईच्या हातात पायऱ्या असल्या की ती नुसती बसून राहत नाही.

लाइव्ह लोकेशन आईला आणि एका मैत्रिणीला दे, दोघींनाच. इन्स्टावर फोटो टाकायचा तो ती जागा सोडल्यावर.

ऐरोली_खाडीकाठ

पाण्याचं कुणी लिहिलं नाही. लाल झेंडा असेल तर गुडघाभरसुद्धा नको. रिप करंटने, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहाने, आत ओढलं तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, त्यातच माणूस दमून बुडतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ कमी झाली की तिरपं बाहेर या. एकटीने निर्जन किनाऱ्यावर पोहणं नकोच, पट्टीची पोहणारी असलात तरी.

थायलंडच्या आखातात, या बेटांच्या बाजूला, बॉक्स जेलीफिश हा विषारी डंखाचा जेलीफिश असतो. सामुई-फांगानच्या बऱ्याच किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, पोचल्याबरोबर कुठे आहे ते बघून ठेवा. डंख झाला तर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओता. चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, दोन्हीने विष जास्त सुटतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला की बराच बचाव होतो, उन्हाचाही.

कोह ताओवर डायव्हिंग केलंत तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा. गंभीर दुखापतीला ताओवर मोठं इस्पितळ नाही, बोटीने सामुईला किंवा सुरत थानीला नेतात. विम्यात तसं हलवण्याचा खर्च धरलाय ना ते बघा.

परतीच्या विमानाआधी कुणी होस्टेलमध्ये गोड बोलून "मुंबईतल्या भावाला एवढं खाऊचं पाकीट दे" म्हणालं, तर नाही म्हणायचं, मुलगी कितीही ओळखीची झाली असली तरी. बँकॉकहून येणाऱ्या विमानांत मुंबई कस्टम्सने हायड्रोपोनिक (मातीविना, पाण्यात वाढवलेला) गांजा वारंवार पकडलाय, खाऊच्या पाकिटांत सीलबंद केलेलासुद्धा. बॅग ज्याच्या नावाची, अटक त्याला. बॅगेला कुलूप लावून ती स्वतः भरा, आणि होस्टेलच्या सामानखोलीत ठेवली असेल तर चेक-इनच्या आधी एकदा पूर्ण रिकामी करून, बाजूचे कप्पेसुद्धा चाचपून, परत भरा.